गिव्हअवेत भाग घेताना: ख्रिस्ती घरासाठी सविस्तर मार्गदर्शन

आमच्या वास्कोच्या घरातला बिडाचा तवा मला एका गिव्हअवेत मिळाला, म्हणजे नाव घालणाऱ्यांतून एकाला निवडून फुकट बक्षीस देतात त्या योजनेत. घरगुती मसाले विकणाऱ्या एका ताईंनी २०२१ मध्ये इन्स्टाग्रामवर विचारलं होतं, आजीच्या हातचा कोणता पदार्थ तुम्हाला अजून जमत नाही? मी हुलग्याच्या शेंगोळ्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि विसरून गेले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्ता मागितला, आणि भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेला तवा खोक्यातून घरी आला. एका बाजूला जरा खरवडलेला होता. तेल लावून, तापवून, पुन्हा तेल लावून मी तो वापरात आणला. आज सकाळी त्याच्यावरच पोई, म्हणजे गोव्याचे कोंड्याचे पाव, गरम केल्या.

त्याच वर्षी आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका मावशींचे साडेचार हजार रुपये गेले. त्यांनीही इन्स्टाग्रामवरच एका गिव्हअवेखाली नाव नोंदवलं होतं. त्यानंतर भगिनी मंडळात बायका मला सारख्या विचारू लागल्या, यात पडावं की पडू नये, आणि पडलंच तर कसं? त्या प्रश्नांना मी जी उत्तरं देत आले ती इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: हा जुगार आहे का, हे मनाशी ठरवा

माझं माहेर अहमदनगरचं (आताचं अहिल्यानगर), आजोळ मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचं. मुक्तिफौजेचा सैनिक होताना दारू, तंबाखू आणि जुगार यांपासून दूर राहण्याचं वचन देतात. आजी ते इतकं पाळायची की शाळेच्या स्नेहसंमेलनाची लकी ड्रॉची चिठ्ठीही घ्यायची नाही. पाच रुपये देणगी म्हणून द्यायची आणि चिठ्ठी परत करायची. लग्न होऊन गोव्यात आले तर इथे फेस्ताला (चर्चच्या सणाला) हाउझी, म्हणजे तंबोला, क्लबाला हाउझी, वाढदिवसालासुद्धा हाउझी. गणेशोत्सव मंडळांच्या कूपनांवर पहिलं बक्षीस चारचाकी. पणजीला मांडवीच्या काठावर उभं राहिलं की समोर कॅसिनोची जहाजं. कोपऱ्यावर लॉटरीचं दुकान. यातलं काय चालतं आणि काय नाही, यावर माझे आणि नवऱ्याचे पहिली दोन वर्षं वाद झाले.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. चिठ्ठी टाकणं हेच पाप असतं तर प्रेषितांनी ते केलं नसतं. यहूदाच्या जागी कोणाला घ्यायचं हे ठरवताना त्यांनी प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली (प्रेषितांची कृत्ये १:२६). चिठ्ठ्यांचा निकाल परमेश्वराच्या हातात असतो, असं नीतिसूत्रांतही आहे (१६:३३). पण वधस्तंभाच्या पायथ्याशी शिपायांनीही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या, मरणाऱ्या माणसाच्या अंगरख्यासाठी (योहान १९:२४). तेव्हा चिठ्ठीपेक्षा ती टाकणाऱ्याची नजर कुठे आहे ते बघायचं.

कायद्याची विभागणीही समजून घ्या. लॉटरी म्हणायला तीन गोष्टी लागतात: बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेले पैसे. ज्या गिव्हअवेत तुम्ही काहीच पैसे भरत नाही तिथे तिसरी गोष्ट नसते, म्हणून ती लॉटरी ठरत नाही. प्रवेश शुल्क घेतलं की ती खाजगी लॉटरी होते, आणि १९९८ च्या लॉटरी कायद्याने लॉटरी चालवण्याचा अधिकार फक्त राज्य सरकारांना आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदीच आली.

कॅथलिक शेजारणींसाठी एक संदर्भ. त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४१३) नशिबाचे खेळ मुळात अन्यायाचे मानलेले नाहीत. माणसाच्या किंवा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की ते नैतिकदृष्ट्या अमान्य. मुक्तिफौजेची रेघ याहून कडक आहे. तुमच्या मंडळीची रेघ कुठे आहे ते पाळकांना विचारा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाची सद्सद्विवेकबुद्धी तुमच्याहून हळवी असेल तर तिचा मान राखा. माझी आजी जिवंत असती तर मी तिच्यादेखत गिव्हअवेत नाव घातलं नसतं.

माझा नियम सरळ आहे. पैसे भरावे लागत असतील तर नाही. "अमुक विकत घ्या आणि जिंका" असेल तर ती वस्तू मी एरवीही घेणार होते का, एवढंच विचारायचं. घेणार होते तर कूपन भरायचं. बक्षिसासाठी चहापावडरची चार पाकिटं जास्त घ्यावीशी वाटली की तिथेच थांबायचं.

दुसरी पायरी: फोन आणि वेळ आधी तयार करा

गिव्हअवेसाठी वेगळा ईमेल उघडा. बँक, आधार, गॅस कनेक्शन ज्या ईमेलवर आहे तो इथे द्यायचा नाही. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे आणखी एक कोड मागणारं जादा कुलूप, चालू करा. सेटिंगमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. पत्ता द्यायची वेळ येईल तेव्हा शक्य असेल तर नवऱ्याच्या किंवा भावाच्या कामाचा पत्ता द्या, विशेषतः घरी एकट्या राहत असाल तर.

वेळेची मर्यादाही आधीच ठरवा. मी आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी, अर्धा तास देते. मध्ये एक काळ असा आला होता की सकाळी डोळे उघडल्यावर पवित्र शास्त्र हातात घेण्याआधी निकाल लागला का ते बघत होते. कोणी सांगितलं नव्हतं, पण ते बरं नाही हे मला कळत होतं. तेव्हापासून शनिवार.

तिसरी पायरी: गिव्हअवे नीट वाचा

खऱ्या गिव्हअवेत काही गोष्टी लिहिलेल्या सापडतातच: बक्षीस देणारं कोण, शेवटची तारीख आणि वेळ, विजेता कसा निवडणार, निकाल कुठे आणि कधी जाहीर होणार, बक्षीस कुठे पोचवणार. मोठ्या कंपन्यांच्या अटींत बहुतेक वेळा "तामिळनाडू वगळून" असं एक वाक्य असतं, कारण तिथे बक्षीस योजनांना बंदी घालणारा १९७९ चा कायदा आहे. हे वाक्य दिसलं की समजायचं, अटी कोणीतरी जाणकाराने लिहिल्या आहेत. ते नसलं म्हणून फसवणूकच, असं मात्र नाही. गावातली केक करणारी मुलगी काही वकील लावत नाही.

फेसबुकवर "ही पोस्ट तुमच्या टाइमलाइनवर शेअर करा म्हणजे तुमचं नाव आलं" असं असेल तर सोडून द्या. वैयक्तिक टाइमलाइन किंवा मित्रयादी वापरून अशा योजना चालवायला फेसबुकच्याच नियमांत मनाई आहे. म्हणजे पान चालवणाऱ्याला नियम ठाऊक नाहीत, नाहीतर नियमांशी त्याला देणंघेणं नाही.

गोव्यातल्या गिव्हअवेत आणखी एक बघा: वस्तू घरी येणार की घ्यायला जायचं? म्हापशाच्या एका कॅफेचा केक मी जिंकले होते. वास्कोहून पणजी, पणजीहून म्हापसा, परत तसंच. जाण्यायेण्यात अख्खी दुपार गेली आणि केक उन्हाने बसला. आता दक्षिण गोव्याबाहेरचं असेल आणि त्या आठवड्यात तिकडे काही काम नसेल तर मी नावच घालत नाही. त्याने दुसऱ्या कोणाची तरी शक्यता वाढते, हेही बरंच.

परदेशी पानांच्या गिव्हअवे बहुधा त्यांच्याच देशापुरत्या असतात. परदेशी लॉटरीसाठी किंवा तिच्या बक्षिसासाठी इथून पैसे पाठवणं तर आपल्या परकीय चलन नियमांनुसार बेकायदाच आहे. मग समोरचा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवो की कस्टमचा. खऱ्या पार्सलवर कर लागलाच तर तो टपाल किंवा कुरिअर कंपनी पावती देऊन घेते. कोणा साहेबाच्या खात्यात तो जात नाही.

बाळाच्या फोटोंच्या स्पर्धांविषयी मी कडक आहे. "तुमचं बाळ सर्वात गोड", फोटो पाठवा, नातेवाइकांची मतं गोळा करा, आणि मग अंतिम फेरीला शुल्क. लेकराचा चेहरा अनोळखी माणसाकडे कायमचा जातो, वर पैसे. नाताळात बाळ येशूच्या वेशातले फोटो मागणारी पानंही मी पाहिली आहेत. देवाचं नाव लावलं म्हणून ती वेगळी होत नाहीत.

चौथी पायरी: नाव घाला, पण खरं घाला

इथे माझं मन जास्त अडतं, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. फसणाऱ्यांची काळजी सगळे करतात. आपण दुसऱ्याला फसवतो का, हा प्रश्न मागे पडतो.

"एका व्यक्तीने एकदाच" अशी अट असताना स्वतःच्या, नवऱ्याच्या, सासूच्या आणि मुलीच्या खात्यावरून चार वेळा नाव घालणं म्हणजे खोटं बोलणंच. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असू द्या (मत्तय ५:३७), हे कमेंटलाही लागू आहे. न वापरलेल्या क्रीमला "मी रोज वापरते, अप्रतिम" असं लिहून बक्षीस मिळवलंत तर त्या शब्दांवर विसंबून दुसरी बाई ते विकत घेते.

टॅग करण्याचंही तसंच. "पाच मैत्रिणींना टॅग करा" म्हटलं की आपण हाताला येतील ती नावं टाकतो. त्यातल्या कोणाची आई इस्पितळात असते, कोणाला आधीच फसवे निरोप येत असतात. मी दोघींना एकदाच विचारून ठेवलं आहे, तुम्हाला टॅग केलं तर चालेल ना? त्या दोघींनाच टॅग करते. पाच मागितले तर ती गिव्हअवे सोडते. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कधीच नाही. त्या ग्रुपवर लोक प्रार्थनेची विनंती वाचायला येतात.

"हा निरोप अकरा जणांना पाठवा, आशीर्वाद आणि रिचार्ज मिळेल" ही गिव्हअवेच नाही. तिथल्या तिथे पुसून टाका.

मतदानाच्या लिंकबद्दल सावध. "माझ्या भाचीला नृत्यस्पर्धेत एक मत द्या" असा निरोप ओळखीच्या नंबरवरून येतो, लिंक उघडली की फोन नंबर मागतात, एक कोड दाखवून तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगतात, आणि तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या यंत्राला जोडलं जातं. मग तुमच्या नावाने तुमच्या बहिणीकडे पैसे मागितले जातात. असा निरोप आला की आधी त्या माणसाला फोन लावा. आणि लिंक उघडून बसला असाल तर व्हॉट्सॲपमधलं "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून अनोळखी यंत्र काढून टाका.

पाचवी पायरी: "अभिनंदन" आल्यावर

सगळ्यात जास्त काळजी इथे. मावशींचं काय झालं ते त्यांच्या परवानगीने सांगते.

त्यांनी मोबाइलच्या एका गिव्हअवेखाली कमेंट केली आणि तासाभरात निरोप आला: अभिनंदन, तुम्ही विजेत्या आहात. पानाचं चित्र तेच, नावही तेच. नंतर आम्ही दोघी चष्मे लावून बसलो तेव्हा दिसलं, खऱ्या पानाच्या नावाच्या शेवटी एक आडवी रेघ होती, याच्या शेवटी दोन. फॉलोअर ४३. सगळे फोटो एकाच दिवशी टाकलेले. आणि खऱ्या गिव्हअवेची शेवटची तारीख तर अजून चार दिवसांवर होती. तारीख संपायच्या आधी विजेता कसा निघेल? पण तेव्हा त्यांनी तारीख पाहिली नाही. आधी ४९९ रुपये नोंदणीचे गेले. मग १,५०० जीएसटीचे. मग २,५०१ विम्याचे. चौथ्यांदा मागितले तेव्हा हातात पैसेच उरले नव्हते.

मावशींना पैशांपेक्षा दुसरंच लागलं होतं. नातवाची शाळा फोनवर चालली होती, घरात एकच फोन, आणि त्या महिनाभर त्याच्यासाठी प्रार्थना करत होत्या. तो निरोप त्यांना देवाचं उत्तर वाटला. शंका घेणं म्हणजे अविश्वास, म्हणून त्यांनी शंका घेतली नाही. आणि फसल्यावर हे कोणाला सांगायचं, या लाजेने तीन आठवडे गप्प राहिल्या. त्यांच्याशी बोलताना मी जे म्हणाले तेच तुम्हालाही सांगते: मावशी, ते खरंच देवाचं उत्तर असतं तर दोन दिवस चौकशी केल्याने बदललं नसतं. बायबलमधल्या गिदोनाने लोकरीवर एकदा नाही, दोनदा खूण मागितली होती, आणि देव त्याच्यावर रागावला नाही.

तेव्हा अभिनंदनाचा निरोप आला की लगेच उत्तर देऊ नका. मूळ गिव्हअवेची पोस्ट उघडा, तिथून पानाच्या नावावर जा, आणि निकाल तिथे जाहीर आहे का ते बघा. निरोपातल्या लिंकवरून जायचं नाही. निळी खूण पाहून निर्धास्त होऊ नका. ती आता महिन्याचे पैसे भरूनही मिळते. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. क्यूआर कोडही पैसे देण्यासाठी स्कॅन करतात. बक्षीस देतो म्हणून पिन, ओटीपी किंवा कार्डाचा मागचा आकडा मागणारा चोर आहे, मग तो कितीही गोड बोलो. केबीसीच्या (कौन बनेगा करोडपती) नावाने २५ लाखांच्या लॉटरीचा व्हॉट्सॲप निरोप तर वर्षानुवर्षं फिरतो आहे, आणि तो पुष्कळदा +९२ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे पाकिस्तानच्या, नंबरवरून येतो.

सहावी पायरी: कर

छोट्या बक्षिसांना हा भाग फारसा लागत नाही, पण चोर याचाच आधार घेतात म्हणून माहीत हवा. लॉटरी आणि अशा बक्षिसांवर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. बाकी काहीच उत्पन्न नसलं तरी. १०,००० रुपयांहून मोठ्या बक्षिसावर देणाऱ्याने टीडीएस, म्हणजे बक्षीस देतानाच कापला जाणारा कर, कापायचा असतो. बक्षीस रोख नसून वस्तू असेल तर ती हातात देण्याआधी कर भरला गेल्याची खात्री त्याने करायची असते. म्हणजे ४०,००० च्या फोनवर १२,००० टीडीएस. काही कंपन्या तो स्वतः भरतात, काही विजेत्याकडून घेतात.

इथेच गोंधळ होतो, कारण "आधी कर भरा" हे खरी कंपनीही म्हणू शकते. फरक असा: खरी कंपनी पॅन मागते, लेखी पत्र देते, कंपनीच्या खात्यावर पैसे घेते आणि नंतर टीडीएसचं प्रमाणपत्र देते, ती रक्कम आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनखाली दिसते. कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर अर्ध्या तासात कर मागणारी कंपनी नसते. आणि एक विचार जरूर करा: ज्या फोनची गरज नव्हती त्यासाठी घरातून १२,००० काढायचे का? बक्षीस नाकारता येतं.

फसलात तर

लाज बाजूला ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळलं तर ते अडवता येतात; म्हणून मावशींचे तीन आठवडे फार महागात पडले. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करा, बँकेला कळवा, निरोप पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. खऱ्या दुकानाने किंवा कंपनीने निकालच जाहीर केला नाही तर तोही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारप्रथा ठरतो. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मंडळीत कोणी फसलं तर "एवढी हाव कशाला" असं म्हणू नका. हाव कशाला म्हणतात ते प्रभूने सांगितलं आहे (लूक १२:१५), आणि नातवाला फोन हवा असणं त्यात बसत नाही.

जिंकल्यावर

देणाऱ्याला जाहीर धन्यवाद लिहा आणि वस्तूचा फोटो टाका, पण पार्सलवरच्या पत्त्याची चिठ्ठी झाकून. छोट्या व्यावसायिकाला याचा खरा उपयोग होतो. घरी बेबिंका आणि दोदोल ही गोव्याची पक्वान्नं करून विकणाऱ्या बायका नाताळात गिव्हअवे ठेवतात त्या याचसाठी.

वस्तूचा दशांश कसा काढायचा, असं मला एकीने विचारलं होतं. मी साधारण किंमत धरून तेवढं अर्पण टाकते. कुणावर सक्ती नाही. पुष्कळदा वस्तूच वाटून टाकते. मागच्या नाताळात हॅम्पर आलं त्यात वाइनची बाटली होती. ती मी देणाऱ्यांना आधीच नको म्हणून कळवलं आणि त्यांनी बदल्यात कुकीजचा डबा दिला. विचारलं की बहुतेक जण ऐकतात. डबा संडे स्कूलला गेला.

भस्म बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, मी इन्स्टाग्राम फोनवरून काढते आणि ईस्टरनंतरच परत घेते. त्या चाळीस दिवसांत एखादी चांगली गिव्हअवे हुकते. गेल्या वर्षी त्याच मसाल्याच्या ताईंनी बिडाची कढई ठेवली होती, ती पणजीच्या एका मुलीला लागली. तिने त्यात केलेल्या शेंगोळ्यांचा फोटो टाकला होता, तो मी ईस्टरच्या सोमवारी पाहिला, आणि खाली लिहिलं, रस जरा पातळ ठेव, पोरी, गार झाल्यावर घट्ट होतो.